पाचवीचा हात

जरीनाबींचा परवाना गेला त्याला आता काही महिने झाले, तरी आमच्या शुक्रवार पेठेत त्याची बोलणी थांबलेली नाहीत. पाणवठ्यावर कोणी म्हणतं, डॉक्टरीणबाईंनी गरिबाच्या पोटावर पाय दिला. कोणी म्हणतं, बरं झालं, कायदा म्हणजे कायदा. आणि मी जवळून गेले की दोन्ही बाजूंच्या बायका गप्प होतात, कारण सगळं घडलं ते माझ्या बाळंतिणीच्या खोलीत. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते.

जरीनाबी जुन्या बुधवारात राहतात. नवरा लालासाब पिंजारी होता, तो प्लेगात गेला. सासू अमीरबी सुईण होती, तिच्या हाताखाली या शिकल्या. पुढे दवाखान्यात सुइणींचा वर्ग निघाला, तेव्हा पहिल्याच खेपेला जाऊन बसल्या आणि पितळी बिल्ला आणि परवाना घेऊन आल्या. हात अगदी लहान, दहा वर्षांच्या मुलीचे असावेत तसे. त्या हातांवर आमच्या भागातली निम्मी मुलं आलेली आहेत.

पण गेल्या वर्षी त्यांच्याकडून एक चूक झाली. एक बाई अडली होती, आणि होईल मोकळी, होईल मोकळी म्हणत जरीनाबी वाट बघत बसल्या. डॉक्टरीणबाईंना बोलावलं तोवर मूल गेलं होतं. डॉक्टर कालिंदीबाईंनी बिल्ला काढून घेतला. मग बायकांनी फार रदबदली केली तेव्हा वर्षभराच्या बोलीवर परत दिला. तीन अटी घातल्या, त्यातली एक जरी मोडली तरी परवाना कायमचा जाणार. वर्ष सरळ गेलं की अटीही सुटणार. पाडव्याला ते वर्ष पुरं होत होतं आणि माझे दिवस माघात भरत होते.

मला सातवा लागला तेव्हा जरीनाबी पहिल्यांदा घरी आल्या आणि पाटावर बसताच त्यांनी अटी म्हणून दाखवल्या, आरती म्हणावी तशा.

"पयली, हात कारबोलिकानं धुवायचं. दुसरी, बाई आडली की डाक्टरीणबाईला बोलवायचं, मला येतंय म्हणून बसायचं न्हाय. तिसरी, माझ्या हाताखालच्या बाळंतिणीला ताप आला की त्याच दिशी दवाखान्यात सांगायचं, आन् बाई व्हय म्हणंस्तोवर दुसऱ्या बाळंतिणीला का पोराला हात लावायचा न्हाय. घरोघरी सांगतो मी ही. लपवायचं काय त्यात?"

सासूबाई म्हणाल्या, "आणि ताप आला तर हात लावायचा नाही म्हणजे काय? हातानं ताप जातो होय दुसरीकडे?"

"जातो," मी म्हणाले. राजाराम कॉलेजात मी प्रीव्हियसपर्यंत, म्हणजे पहिल्या वर्षापर्यंत, गेले आहे. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो आणि बोलायची चोरी होती, त्याचा वचपा मी घरी काढते असं हे म्हणतात. मी सासूबाईंना जंतूंविषयी समजावून सांगितलं.

"आमच्या वेळी नव्हते बाई असले जंतू."

"व्हतं की आक्का," जरीनाबी म्हणाल्या. "पर तवा त्यास्नी कोण इचारत न्हवतं."

सासूबाई हसल्या. त्या सहसा हसत नाहीत.

बाळंतपण नीट झालं. जरीनाबींनी नखं कापलेली, बांगड्या काढून ठेवलेल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत धुतलेले. मुलगी झाली. ती रडेपर्यंतचा तेवढा वेळ मी जरीनाबींच्या तोंडाकडे बघत होते, कारण बाळाकडे बघायचा धीर होत नव्हता. त्यांचं तोंड सैल झालं, मग मी श्वास घेतला. पुढचे दिवस त्या सकाळी येऊन दोघींना न्हाऊ घालायच्या, शेगडीवर ओव्याची धुरी द्यायच्या. मी रात्रंदिवस बाळाच्या नाकाशी बोट धरून बसायची. "आवं, तिला बी स्वास घिऊ द्या की जरा," असं म्हणून त्या माझा हात बाजूला करायच्या.

पाचव्या दिवशी सकाळी त्या आल्या नाहीत. त्यांची शेजारीण चिमणाबाई दूध घालायला येते, तिच्याकडून निरोप आला. रविवार पेठेत हाफिजा नावाची एक बाळंतीण आहे, माझ्या दोनच दिवस आधीची, तिला रात्री हुडहुडी भरून ताप आला. जरीनाबी उजाडताच स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेल्या आणि सांगून आल्या. डॉक्टरीणबाईंनी हाफिजाला दवाखान्यात आणवलं आणि यांना सांगितलं, मी म्हणेपर्यंत कुणाला हात लावू नकोस.

"तवा तुमचं न्हाणं तुमीच बघा म्हनली," चिमणाबाई म्हणाली. "लई रडत हुती बगा. पाडवा हाकंच्या अंतरावर आन् आत्ताच ताप यायचा हुता."

मी त्या क्षणी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. बाळाच्याही. दोन्ही गार होती.

सासूबाई मात्र भलत्याच काळजीत पडल्या. संध्याकाळी पाचवी होती. पाचवी सगळीकडेच पुजतात, पण आमच्या घरची एक वेगळी रीत आहे. ज्या हातानं नाळ कापली त्याच हातानं बाळाला सटवाईपुढे धरायचं, आणि मग त्याच हाताचा हळदीकुंकवाचा पंजा बाजेच्या वर भिंतीवर उमटवायचा. दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. सासूबाईंचा पहिला मुलगा झाला तेव्हा सुईण चंदगडकडे तिच्या लेकीकडे गेली आणि नदीला पाणी येऊन पलीकडेच अडकली. जावेनं पंजा लावला. तो मुलगा बारसंही न बघता गेला. त्यानंतर झालेले ते हे. सासूबाई ही गोष्ट कधी सांगत नाहीत. मला ती यांच्याकडून कळली आहे.

दुपारी सासूबाई डोक्यावरून पदर घेऊन घराबाहेर पडल्या. कुठे जाते ते सांगितलं नाही. महाराजांची गाडी जायची म्हणून रस्ता मोकळा करत होते, त्यात खोळंबून त्या चांगल्या दिवेलागणीला परत आल्या. मागे जरीनाबी होत्या.

त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. न्हाऊन आल्या होत्या, केस ओले, लुगडं धुवट आणि कडक. कारबोलिकचा वास माझ्या बाजेपर्यंत आला.

"जरीनाबी, तुम्ही कशा आलात?" मी विचारलं. "चिमणाबाईनं सांगितलं ते..."

"खरं हाय त्ये. मी कामाला न्हाय आलतो, लीलाताई. पुजेला आलोय." आणि त्यांनी खांद्यावरचा पदर सरळ करून दाखवला. तिथे रोज बिल्ला लावलेला असायचा. "ह्यो बगा, बिल्ला घरी ठिवून आलोय. आज मी सुईण न्हाय. आक्कांच्या घरची पावणी."

"पण अट हात लावायचा नाही अशी आहे ना?"

"बाळंतिणीला, पोराला. तुमाला शिवनार न्हाय मी. पोरगी निसती दुपट्यातनं उचलायची, सटवाईपुढं धरायची, आन् पंजा लावायचा. ह्येच्यात औषीद न्हाय, न्हाणं न्हाय, काय न्हाय." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आक्का माझ्या पायाकडं वाकाया लागल्या वो. एवढी मोठी बाई. मी काय करू?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या सटवाई म्हणून मांडलेल्या पाट्यावर हळद वाहत होत्या आणि वर बघत नव्हत्या.

"लीला," त्या पाट्याकडे बघतच म्हणाल्या, "पाचवीला नाट लावू नकोस."

मला दोन्हीकडून भीती वाटत होती. जंतूंवर माझा विश्वास होता आणि सटवाईवर नव्हता; पण बाळ कुशीत असलं की नसलेल्या गोष्टीलासुद्धा नाही म्हणवत नाही. मी म्हटलं, "हात पुन्हा धुवा. माझ्यासमोर."

जरीनाबींनी धुतले. बाटली बरोबरच आणली होती. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली तोवर त्या चोळत राहिल्या. मग दुपट्यासकट बाळ उचललं, पाट्यापुढे धरलं, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाल्या; ते मराठी नव्हतं. सासूबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाळ परत माझ्याजवळ ठेवून त्यांनी तळवा हळदीकुंकवात बुडवला आणि माझ्या डोक्यावर भिंतीवर पंजा उठवला. नारळ घेतला आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. सासूबाई त्या रात्री मनसोक्त जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खांद्यांत कळ आली आणि दात वाजायला लागले.

मी कुणाला न सांगता स्वतःची नाडी मोजत पडले. मग बाळाला माझ्यापासून दूर ठेवायला सांगितलं, त्यावरून यांना कळलं. हे शाळेत शिकवतात; तिथून आले तसे टोपीसुद्धा न काढता दवाखान्यात धावले.

कालिंदीबाई आल्या. उंच, सडसडीत, मनगटावर घड्याळ बांधणाऱ्या. काखेत नळी लावून ताप बघितला, पोट दाबून बघितलं, छाती बघितली. बाळाला बाजूला उजेडात नेऊन नखशिखांत बघितलं. मग हात पुसता पुसता त्यांची नजर वर गेली.

"हा पंजा कुणाचा?"

"माझा," सासूबाई म्हणाल्या.

कालिंदीबाईंनी सासूबाईंच्या हाताकडे बघितलं. सासूबाईंचा तळवा भाकरीएवढा आहे. भिंतीवरचा पंजा एखाद्या मुलीचा असावा एवढाच होता.

"तुमचा एवढा लहान?"

"हळद वाळली की आखडतो," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी मी हसले असते. कालिंदीबाईही नाही हसल्या. त्या माझ्या बाजेच्या काठावर बसल्या.

"लीला, मला तुमचा ताप दुधाचा वाटतो. पण तो हाफिजासारखा दुसराही असू शकतो, आणि आज दोन्ही सारखेच दिसतात. ताप आलेल्या हाफिजाला लावलेला हात या खोलीत आला असेल तर मी आत्ताच एक औषध सुरू करते आणि रात्री माणूस बसवते. आला नसेल तर उगाच ते पोटात घालत नाही. तेव्हा मला खरं सांगा."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. हे दारात उभे होते. बाळ पलीकडच्या खोलीत कुरकुरत होतं. ते माझ्या आवाजासाठी कुरकुरतं, हे मला तेव्हा कळायला लागलं होतं.

"आला होता," मी म्हणाले. "काल, दिवेलागणीला. मला नाही शिवल्या. बाळाला दुपट्यातून उचललं. हात माझ्यासमोर धुतले, मी बघितलं."

कालिंदीबाईंनी मान हलवली आणि औषधाची पिशवी उघडली. जरीनाबींबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

ताप दुधाचाच निघाला. तिसऱ्या दिवशी छाती हलकी झाली आणि मी घामाघूम होऊन मोकळी झाले. बाळाला काहीच झालं नाही. सासूबाई मला पथ्याचं नीट वाढत होत्या, पण बोलत नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, "तू खोटं बोलली असतीस तरी ताप उतरलाच असता."

"हे आज कळतंय," मी म्हणाले.

त्यावर त्यांनी माझ्या पानात आणखी तूप वाढलं.

बारसं झालं. पुढच्या आठवड्यात जरीनाबींना दवाखान्यात बोलावल्याचं चिमणाबाईकडून कळलं. मी अजून बाजेवरच होते, पण हट्टानं उठले. यांनी तांगा आणला. बाळाला घरी ठेवायला माझं मन धजेना, म्हणून ते गुंडाळून बरोबर घेतलं. सासूबाई अडवायला दारात आल्या आणि अडवायच्याऐवजी तांग्यात चढून बसल्या.

कालिंदीबाईंच्या खोलीत जरीनाबी भिंतीला लागून उभ्या होत्या. बिल्ला आज लावलेला होता, चिंचेनं घासून चकचकीत केलेला. आम्हाला बघून त्यांनी पदर पुढे ओढला.

मी सगळं घोकून आले होते. म्हणाले, की हाफिजाच्या तापाची खबर त्यांनी आपण होऊन दिली. त्या सुईण म्हणून आल्या नव्हत्या, बिदागी घेतली नाही, बिल्लासुद्धा घरी ठेवला होता. मला काही झालं नाही, बाळाला काही झालं नाही. आणि त्यांना आणलं ते आमच्या घरानं.

"मी आणलं," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "तिच्या पाया पडून आणलं. दंड मला करा."

"तुमच्याकडे परवाना कुठे आहे, आक्का, मी काढून घ्यायला?" कालिंदीबाई म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. मग माझ्याकडे वळल्या. "काही झालं नाही, हे तुम्ही आज सांगता. त्या संध्याकाळी तुम्हाला माहीत होतं? तिला माहीत होतं? हाफिजा अजून इथेच आहे, आतल्या खोलीत. परवापर्यंत ती माणसं ओळखत नव्हती. अट जरीनावर नव्हती. तिच्या हातावर होती. ती सुईण म्हणून आली की पाहुणी म्हणून, हाताला काय कळतं?"

"एकदा सोडा," मी म्हणाले.

"एकदा सोडलं. गेल्या वर्षी. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हालाच विचारते. पुढच्या खेपेला हिला बोलवाल? आदल्या दिवशी कुठे होतीस, हे न विचारता बोलवाल?"

बाळ मांडीवर झोपलेलं होतं. मी त्याचं दुपटं सारखं करत राहिले.

जरीनाबींनी ते बघितलं. त्यांनी कुणी सांगायच्या आत बिल्ल्याची पिन काढली, दोन वेळा बोटातून निसटली, मग निघाली. बिल्ला टेबलावर ठेवला, शेजारी परवाना ठेवला. कालिंदीबाईंनी तो लगेच उचलला नाही.

"दोन वर्षांनी नवा वर्ग निघेल," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून बसायचं असेल तर ये. मी नाव घालते."

"पोरींच्यात बसायचं? ह्या वयात?"

"हो."

जरीनाबी पदर सावरून दाराकडे वळल्या.

बाहेर पायऱ्यांवर सासूबाई त्यांचा हात धरायला गेल्या, त्यांनी तो सोडवून घेतला, पण रागानं नाही. मला म्हणाल्या, "तुमी खरं बोलला त्येचा मला राग न्हाय, लीलाताई. माझी पोरगी असती तर मी बी बोललो असतो. मला निसतं असं वाटलं हुतं बगा, की हात बिल्ल्याचा असतोय. बिल्ला घरी ठिवला की हात माझा." आणि त्या पायी चालत निघून गेल्या. तांग्यात बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

त्यानंतर त्या रजया शिवायला लागल्या. नवऱ्याची ओळख होती, एका दुकानदारानं काम दिलं. हाफिजा हळूहळू उठून बसली आणि माहेरी गेली. पाडवा आला नि गेला. सासूबाई सणावाराला जरीनाबींकडे डबा घेऊन जायच्या आणि रिकामा घेऊन यायच्या, काय बोलणं झालं ते सांगायच्या नाहीत.

परवा बाळासाठी रजई घेऊन जरीनाबी स्वतः आल्या. बाळ आता पालथं पडतं. त्या ओसरीवर बसून त्याच्याकडे बघत होत्या, उचलत नव्हत्या. मी म्हटलं, "घ्या की. आता कुठली अट आहे?"

"ऱ्हाऊ द्या. झोपंल ती."

तेवढ्यात दारात तांगा थांबला आणि एक माणूस उतरला. आकाराम नाव, कसब्याकडचा शेतकरी. जरीनाबींच्या घरी जाऊन, तिथून पत्ता काढत आला होता. बायकोला पहाटेपासून कळा येत होत्या.

"चला, लवकर चला. थोरला तुमच्याच हातावर झालाय माझा."

जरीनाबी उभ्या राहिल्या. अगदी उभ्या राहिल्या, चपलेत एक पाय गेलासुद्धा. मग थांबल्या.

"मला परवाना न्हाय आता, पावणं."

"आवं कोण बगतंय हितं? कागद का मूल काढणार हाय?"

"दवाखान्यात ने तिला. डाक्टरीणबाई हायत."

"ती न्हाय म्हणती. मेलो तरी दवाखान्यात जाणार न्हाय म्हणती. जरीना असली तर, न्हायतर कोणच नगो."

सासूबाई आतून येऊन चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी या वेळी तोंड उघडलं नाही.

जरीनाबींनी दुसरी चप्पल घातली. "चल," त्या म्हणाल्या. "पर आईक. मी निसती तिच्याशी बोलणार. तिला तांग्यात घालायची, दवाखान्यात न्यायची. मी संगं येतो. आत न्हाय येणार, शिवणार न्हाय. दारात बसतो, तिला माझा आवाज आईकू येईल असं."

"आन् वाटंतच झालं तर?"

दोघं तांग्यात बसली, घोडा वळला. मी रजईखाली बाळाचे पाय झाकले, ते तिनं परत उघडे टाकले. सासूबाई रस्त्याकडे बघत उभ्याच होत्या.

"वाटेत झालं तर काय करेल गं ती?" त्यांनी विचारलं.

मी यांच्या शाळेत माणूस धाडला, की घरी न येता सरळ दवाखान्यात जाऊन कालिंदीबाईंना सांगा, तांगा येतोय, दारात माणसं तयार ठेवा.